चिठ्ठीत निघालेलं सोंग

नोव्हेंबरात डोंगराआड गेलेला सूर्य
जानेवारी सरता सरता आमच्या फ्योर्डात डोकावतो.
सात मिनिटं, फार तर आठ.
त्या दिवशी शाळेच्या हॉलात कॉफी आणि पॅनकेक,
आणि यंदा ब्रिन्यरच्या डोक्यातून निघालेलं खूळ:
वाघ-सिंह नकोत, समुद्री चाचे नकोत,
गावातल्या गावात एकमेकांची सोंगं घ्यायची.
एकशे बारा माणसं, एकशे बारा चिठ्ठ्या,
एक लोकरी टोपी.

मी हात घातला
आणि स्टेनव्होर निघाली.

अकरा वर्षं आम्ही बोलत नाही.
एक फाटक, एक हरवलेला मेंढा,
आणि माझ्या तोंडून गेलेला एक शब्द.
मला तो आता नीट आठवतही नाही.
तिला आठवत असणार.
चिठ्ठी बदलून दे म्हटलं तर ब्रिन्यर म्हणाला,
"बदलायचीच असती तर टोपी कशाला फिरवली असती?"

मग बसले खिडकीत,
पक्षी बघायची दुर्बीण डोळ्याला लावून.
तिचा कोट पिवळा, पण कुठला पिवळा?
मोहरीचा नाही, लोण्याचा नाही,
थोडा गंजलेला, बाहीपाशी उडालेला.
दान-पेटीतला एक पांढरा लोकरी कोट आणला
आणि दुकानात, शेजारीपाजारी सांगून ठेवलं,
कांद्याची सालं टाकू नका.
तीन आठवडे घरभर तो उग्र वास.
पहिला घाणा हिरवट निघाला. दुसरा बरा.
तिसऱ्या वेळी बादलीतून तिची बाहीच वर आली,
मी दचकून चिमटा सोडला.

चाल जमेना.
आमच्या घरावरून जाताना ती मान न वळवता
संथ, अख्खी वळते, एखादं जहाज वळावं तशी.
अकरा वर्षं मी त्याला तोरा म्हणत आले.
उल्फुरच्या आजीनं सांगितलं, डाव्या बुटात
सुका वाटाणा घालून बघ.
घातला. चार पावलं टाकली.
तोरा नव्हता तो. गुडघा होता.

हॉलात उल्फुर माझं सोंग घेऊन आला होता,
वय वर्षं दहा, ॲप्रन पार घोट्यापर्यंत.
कुणी काही विचारलं की म्हणायचा, "बघू."
पॅनकेक देऊ? "बघू." नाचतेस? "बघू."
लोक पोट धरून हसत होते.
मी इतक्यांदा म्हणते?

स्टेनव्होर आली नव्हती. ताप, म्हणे.
त्यामुळे सबंध हॉलात स्टेनव्होर ती मी एकटीच.
पाद्रीणबाईंची कागदी कॉलर लावलेला म्हातारा आउसगेर
शेजारी येऊन बसला. बराच वेळ कप फिरवत राहिला.
मग माझ्या पिवळ्या बाहीकडे बघत म्हणाला,
"स्टेनव्होर, त्या रात्री फाटक मीच उघडं टाकलं होतं.
पोटात दारू होती. नंतर सांगायचं राहून गेलं."

मी ती नाही, हे त्याला दिसत होतं.
मला म्हणता आलं असतं.
मी फक्त "हं" म्हटलं,
तिच्यासारखं, नाकातून.

ताटलीवर ताटली उपडी घालून
चार पॅनकेक घेतले आणि निघाले बर्फातून,
वाटाणा टोचत, अख्खी वळत.
तिनंच दार उघडलं. केस विस्कटलेले, डोळे लाल.
उंबऱ्याच्या अल्याडपल्याड दोन स्टेनव्होर,
त्यातली एक तापलेली.
तिनं मला खालून वर पाहिलं, बुटापासून कॉलरपर्यंत,
मग पुन्हा छातीपाशी येऊन थांबली.

"दुसरं बटण हिरवं असतं," ती म्हणाली.
"थांब."

आणि दार तसंच उघडं टाकून आत गेली.
थंडी सरळ तिच्या घरात शिरत होती,
आत कुठंतरी डब्यात बटणं खळखळत होती,
आणि मी ताटली धरून उभी,
तोंडात आउसगेरचं फाटक घेऊन.